शेवटी जेवणाऱ्या बाईचं कापड

गफूरमामांना मीठ चाखून बघावं लागत नसे. पातेल्यावरचं झाकण उचलायचे, वाफ तोंडावर घ्यायचे आणि सांगायचे, "चिमूटभर कमी हाय." त्या नाकाच्या भरवशावर दौंडच्या रनिंग रूममध्ये रोज तीस-चाळीस माणसं जेवायची. पुण्याकडून, सोलापूरकडून, मनमाडकडून गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर, फायरमन, गार्ड तिथं चार-सहा तास पाठ टेकायचे आणि दुसरी गाडी घेऊन परत जायचे. रनिंग रूम म्हणजे त्यांची धर्मशाळा आणि मामा तिथले खानसामा. प्रत्येक जण आपापला शिधा फडक्यात बांधून आणायचा. कुणाची डाळ, कुणाचं मटण, कुणाचं नुसतं ज्वारीचं पीठ आणि दोन कांदे. चुलीवर एका वेळी सहा-सात पातेली असायची, पण कुणाचा दाणा कुणाच्या भांड्यात गेला असं मी कधी ऐकलं नाही.

एक गार्ड होते, मोठे सोवळ्याचे. मामांच्या हातचं खाणं त्यांना शक्यच नव्हतं. ते व्हरांड्याच्या टोकाला आपला स्टोव्ह वेगळा पेटवून खिचडी टाकायचे आणि शिजत आली की तिथूनच ओरडायचे, "गफूर, मीठ बघ रे!" मामा भांड्यावर सावलीसुद्धा पडू न देता, दहा हातांवर उभे राहून, वारा कुठून येतोय ते बघायचे आणि नाक वर करायचे. "झालं बरूबर, गार्डसाहेब." मग गार्डसाहेब समाधानानं जेवायला बसायचे. वासाला विटाळ होत नाही असं त्यांच्या शास्त्रात लिहिलेलं असावं. मला हसू यायचं. मामांना यायचं नाही. "त्यांचं पोट त्यांच्यापाशी," एवढंच म्हणून ते आपल्या चुलीकडं वळायचे.

मी तेव्हा दौंडला बुकिंग क्लार्क होतो. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली होती. माझं लग्न व्हायचं होतं आणि हातानं करून खायचा मला कंटाळा होता, म्हणून मीही माझा शिधा मामांकडं नेऊन टाकत असे. त्या गार्डसाहेबांच्या डोळ्यांदेखत मामांच्या हातची भाकरी मोडताना मला मी फार सुधारलेला माणूस वाटत असे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा उपयोग होणार आहे.

मामा उंच होते आणि उंच माणसं चुलीपुढं वाकतात तसे कायमचे वाकले होते. अंगात कुणा साहेबानं टाकून दिलेला खाकी कोट, पायांत टायरच्या चपला. घराणं चार पिढ्यांचं दौंडचंच. बायको वारली होती, एकुलती मुलगी राहू गावी दिली होती. बोलायचे कमी. बोलले तर आडवळणानं नाही. एखाद्या फायरमननं "मामा, आज मटण लई झ्याक झालं" म्हटलं, तर म्हणायचे, "मटण चांगलं हुतं. मी काय केलंय त्यात?" स्तुती त्यांच्या अंगाला लागत नसे.

आणि त्यांच्याभोवती कुत्री असायची.

ती कुत्री गावठी नव्हती आणि विलायतीही नव्हती. रेल्वेच्या बंगल्यांच्या रांगेत राहणारी गोरी-अर्धगोरी ड्रायव्हर मंडळी त्या वर्षांत एकेक करून देश सोडत होती. कुणी विलायतेला, कुणी ऑस्ट्रेलियाला. पियानो विकायची, कपाटं विकायची, कोंबड्या वाटायची. कुत्री विकली जात नसत, कारण ती सरमिसळ झालेली. आई एखाद्या मेमसाहेबाच्या मांडीवरची आणि बाप यार्डातला कुणीतरी. निघायच्या दिवशी ही मंडळी कुत्र्याला व्हरांड्याच्या खांबाला बांधायची, पुढ्यात भांडंभर दूध ठेवायची, गळ्यात पडून रडायची आणि गाडीत बसायची. दुसऱ्या दिवशी मामा जाऊन दोरी सोडून आणायचे. मी एकदा म्हटलं, "बाई किती रडत होती हो मामा." ते म्हणाले, "रडून भाकर हुती व्हय?" एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं मात्र जायच्या आदल्या दिवशी आपलं कुत्रं माळावर नेऊन गोळी घातली. सगळं दौंड त्याच्या नावानं थुंकलं. मामा तेवढे थुंकले नाहीत. दोन दिवसांनी कणीक मळताना आपण होऊन म्हणाले, "त्यानं बांधून तर ठेवलं न्हाई."

रनिंग रूमच्या मागं कोळशाची जुनी खोली होती, तिथं ही कुत्री राहायची. मामा नावं ठेवायचे ती रेल्वेचीच. जोरात पळणाऱ्याचं नाव मेल. एक लठ्ठ, सावकाश चालणारी होती ती मालगाडी. पार्सल ऑफिसात गोणपाटांमागं सापडलं ते पार्सल. पार्सल तर अगदी एवढंसं होतं, मांजरापेक्षा बोटभर उंच. अंग लांबडं, पाय आखूड, रंग तांबूस-पांढरा आणि एक कान उभा तर दुसरा पडलेला. देवानं उरलेल्या तुकड्यांतून शिवल्यासारखं दिसायचं.

गावातल्या म्युनिसिपल कमिटीची माणसं दर उन्हाळ्यात भटक्या कुत्र्यांना विषाचे लाडू टाकत फिरायची. रेल्वेच्या हद्दीत ती येत नसत, पण कुत्र्याला हद्द कुठं कळते? म्हणून मामांनी एक शिस्त लावली होती: परक्या हातचं खायचं नाही. शिकवायची रीत साधी होती. कुत्र्याला अनोळखी असेल अशा कुणाला तरी बोलवायचे आणि त्याच्या हातून लाल मिरचीचा गोळा भरलेली भाकरी खायला घालायचे. एकदा जीभ पोळली, दुसऱ्यांदा पोळली, की तिसऱ्यांदा कुत्रं तोंड फिरवायचं. मग मामा स्वतःच्या हातानं साधी भाकरी द्यायचे. आठवड्याभरात कुत्रं पक्कं व्हायचं. पार्सलला तिखटाची भाकरी द्यायला त्यांनी मलाच बोलावलं होतं. बिचारं शिंकून शिंकून बेजार झालं आणि त्यानंतर मी बिस्किट दिलं तरी ते माझ्या हाताकडं बघून दोन पावलं मागं सरकायचं. मामा खूश होऊन म्हणायचे, "ह्याला आता राजा आला तरी न्हाई मारू शकत."

पण कुत्री जन्मभर कोळशाच्या खोलीत ठेवायची नव्हती. मामा त्यांना घरं बघायचे, आणि लेकीला बघावीत तशी बघायचे. परका हात आपला करायची त्यांची दुसरी रीत होती. कुत्रं मागायला आलेल्या माणसाला ते एकच प्रश्न विचारत. राहूचे एक मोठे बागायतदार एकदा जीपमधून आले, बरोबर चार माणसं. त्यांना मळ्यावर ठेवायला मेल हवा होता.

मामांनी विचारलं, "आबा, घरात शेवटी कोण जेवतं?"

"म्हंजी?"

"समदी जेवून उठली का मागनं पानावर कोण बसतं?"

"आमची आई. कुणी ऱ्हायलं न्हाई ना, ते बघून मगच घास घेती ती."

"मग त्यांचं लुगडं आणा. चार दिवस अंगावर वापरलेलं. धुऊ नका."

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून पुढं केलं. "ह्येच घ्या की. घामाचं हाय."

"तुमचं नको. पयल्या पंगतीला बसणाराला भूक ठावं नसती. कुत्रं त्या मावलीच्या हाती जाणार."

त्या कापडावर मामा आठ दिवस कुत्र्याला जेवायला घालायचे. स्वतःच्या हाताला ते कापड गुंडाळायचे आणि घास द्यायचे. आठ दिवसांत तो वास कुत्र्याच्या लेखी मामांच्याच हाताचा व्हायचा. मग नव्या घरी त्या बाईनं पहिली भाकरी दिली की कुत्रं हात हुंगायचं आणि खायचं, जसं काही तिथंच जन्मलंय. आबांबरोबरचा एक जण हे ऐकून खवचटपणे म्हणाला, "मामा, करणीबिरणी करताय का काय?" मामा वळून पातेलं ढवळू लागले. पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या.

पुढच्या आठवड्यात आबांची आईच जीपमध्ये बसून आली. सत्तरीची, दात नसलेली. लुगड्याचं बोचकं मामांच्या हातात देत म्हणाली, "कर बाबा काय करणी करायची ती. माझी सासू करून करून मेली, मला कायबी झालं न्हाई." मामा तेव्हा मोठ्यानं हसले. तसं हसताना मी त्यांना एवढ्या वर्षांत तेवढंच एकदा पाहिलं. मेल राहूला गेला आणि म्हातारा होऊन तिथल्या मळ्यातच मेला.

मग रेल्वेत एक नवा साहेब आला. त्याला स्वच्छतेचा नाद होता. रनिंग रूमच्या तपासणीला आला तेव्हा मालगाडी त्याच्या बुटावर प्रेमानं बसली. आठवड्यात लेखी हुकूम आला. आवारात आणि क्वार्टरांत कुत्रं दिसता कामा नये. महिन्याची मुदत. त्यानंतर कमिटीची माणसं हद्दीच्या आत बोलावून आवार साफ करण्यात येईल.

तेव्हा सात कुत्री होती. त्या दिवसांत मामांनी एकही सुट्टी घरी काढली नाही. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात जाऊन उभे राहायचे, ओळखीपाळखीच्या शेतकऱ्यांना गाठायचे, घर बघायचे, चूल बघायची, शेवटी कोण जेवतं ते विचारायचे आणि कापड घेऊन परत यायचे. वढूपर्यंत पायपीट केली. दिवस सरत चालले तरी त्यांनी प्रश्न सोडला नाही. तळेगावचा एक जण दोन कुत्री न्यायला तयार होता, पण "आमच्यात समदी एकदमच जेवत्यात, बायाबी" असं त्यानं फुशारकीनं सांगितलं. मामांनी त्याला नाही म्हटलं. मी म्हटलं, "अहो मामा, खोटं बोलत असेल, पण द्या ना!" ते म्हणाले, "खोटं बोलतुय म्हणूनच देत न्हाई."

सहा कुत्री गेली. राहिलं पार्सल. त्याला बघून लोक हसायचे. "ह्यो चोर बघून चोराच्याच कडंवर जाऊन बसायचा," असं कुणीतरी म्हणालं. बारा दिवस उरले होते. त्या दिवशी जेवताना मामांचा घास हातातच राहिलेला मी पाहिला आणि मोठ्या रुबाबात म्हणालो, "मामा, पार्सल माझ्या आक्काला देऊ."

आक्का, माझी थोरली बहीण, शिरूरला दोन खोल्यांत एकटी राहायची. लवकर विधवा झाली होती आणि शिवणयंत्रावर ब्लाउज शिवून मानानं जगत होती. नुकतीच तिच्या दारातून पितळेची घागर चोरीला गेली होती. मोठं कुत्रं तिला झेपलं नसतं, लहानसं चालणार होतं. एकटीच असल्यानं शेवटी जेवणारीही तीच. मामांनी सगळं विचारून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाले, "बाबू, तुमी हायत म्हणून." ते वाक्य मला त्या वेळी फार गोड लागलं.

रविवारी मी शिरूरला गेलो आणि आक्काला कापडाचं सांगितलं. तिनं यंत्र थांबवलं.

"अंगावरचं? न धुतलेलं?"

"हो. आठ दिवसांनी कुत्र्याबरोबर परतच येतं ते."

"आणि ते आठ दिवस कुणाकडं असणार? त्या खानसाम्याकडं?"

"आक्का, देवमाणूस आहे तो."

"असेल. केस, नखं आणि अंगावरचं कापड परक्याच्या हाती द्यायचं नसतं. तू शिकलास रे, पण जग नाही बघितलंस. आणि त्यातून त्यांच्यातला..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. मी ते पुरं करायला लावायला हवं होतं. गार्डसाहेबांच्या समोर भाकरी मोडणारा सुधारक त्या वेळी खाली बघून सुपारी कातरत बसला. आक्का वाईट बाई नव्हती. तिनं आपलं एक जुनं, मऊ लुगडं काढलं, त्यातला चांगला मोठा तुकडा फाडला, सोड्यात उकळला, उन्हात वाळवला, शिवणकामाच्या इस्त्रीनं त्याच्यावर घडी पाडली आणि माझ्या हातात दिला. "कुत्र्याला काय, ऊब मिळाली म्हणजे झालं." मी तो घेतला. खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं वाटलं. करणीवर माझा विश्वास नव्हता. पण मी घडी मोडून ते कापड चार दिवस तिला अंगावर वापरायला लावलं नाही, ही गोष्ट विश्वासापेक्षा जास्त खरी आहे.

दौंडला आल्यावर मी कापड मामांना दिलं. एसटीत बसण्याआधी इस्त्रीची घडी चुरगाळून टाकण्याइतका मी हुशार होतो.

"धुतलेलं न्हाई ना बाबू?"

"छे! तसंच आणलंय."

मामांनी कापड नाकाशी धरलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरलं. मग माझ्याकडं बघितलं, कापडाकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं."

आठ दिवस त्यांनी पार्सलला त्या कापडावर जेवू घातलं. नवव्या दिवशी मी वेताच्या पेटीत घालून त्याला शिरूरला नेलं. मामा एसटीपर्यंत आले होते. पेटीच्या फटीतून बोटं घालून म्हणाले, "ऐकायचं बाईंचं. त्यांच्या हातचं खायचं." पार्सलनं त्यांची बोटं चाटली.

आक्कानं भाकरी-दूध कालवून पुढं ठेवलं. पार्सलनं तिचा हात हुंगला, कापड हुंगलं, पुन्हा हात हुंगला आणि तोंड फिरवलं. मी हात पुढं केला तर ते कोपऱ्यात जाऊन बसलं. माझा हात त्याला चांगला ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी ड्यूटी असल्यामुळं मी परत आलो. मामांनी विचारलं, "खाल्लं का?" मी म्हटलं, "खाल्लं की. आक्काच्या पायाशीच झोपलंय." चार दिवसांनी आक्काचं कार्ड आलं. तुझं कुत्रं पाण्याशिवाय कशाला तोंड लावत नाही, दूध दिलं, मलई दिली, मी दोन दिवस त्याच्यापुढं बसून रडले, काल सकाळपासून दिसत नाही. ते कार्ड मी मामांना दाखवलं नाही.

शिरूर ते दौंड तीस-पस्तीस मैल. मध्ये भीमा. उन्हाळा असल्यानं पाणी ओसरलेलं असणार. तीन दिवसांनी सकाळी नऊच्या सुमाराला पार्सल रनिंग रूमच्या मागं येऊन उभं राहिलं. पाय सोलवटलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

मुदत संपली होती. कमिटीची माणसं तीन दिवस आवारात फिरत होती. त्या सकाळी साहेब स्वतः बघायला आला होता, म्हणून आम्ही दोघे-तिघे बाबूही हजेरी लावायला तिथं उभे होतो. मामा भांडी घासत होते. पार्सल दिसलं तसे ते राखेच्या हातांनी उठले, पण त्याआधी कमिटीच्या मुकादमानं लाडू टाकला. पार्सलनं तो हुंगला आणि तोंड फिरवलं. दुसरा टाकला, तोही तसाच. मुकादम हसला. "लई शाणं दिसतंय. काठीच घ्यावी लागंल." त्याच्या माणसानं काठी घेतली. पार्सलमध्ये पळायची ताकद नव्हती.

मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्याचा मालक हाय का कोण? आसंल तर आताच घिऊन जावा."

मामांचं बिऱ्हाड आवारातच होतं, त्यांना कुत्रं नेता येणार नव्हतं; त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी साहेबाकडं बघितलं. हुकमात क्वार्टरांचाही उल्लेख होता, आणि माझ्या बढतीचा कागद त्याच साहेबाच्या टेबलावर होता. नुसतं "माझं आहे" म्हणायचं होतं. आणखी काही नाही. दोन शब्द. मी ते म्हटले नाहीत. किती वेळ गेला ते सांगता येत नाही, पण मामांना कळायला तेवढा पुरला.

काठीवाला पुढं झाला तेव्हा मामा म्हणाले, "काठी नको. द्या हिकडं."

त्यांनी लाडू घेतला. पार्सलपाशी खाली बसले, त्याला मांडीवर घेतलं आणि हात पुढं केला. सात दिवसांच्या उपाशी कुत्र्यानं तो हात हुंगला, मामांच्या तोंडाकडं बघितलं आणि शेपूट हलवत खाल्लं. मामा त्याला घट्ट धरून बसले ते सगळं संपेपर्यंत. त्या विषानं कुत्रं कसं जातं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना मी सांगणार नाही. साहेब अर्ध्यातूनच निघून गेला. मी शेवटपर्यंत उभा होतो. त्याचं श्रेय घ्यावं असं त्यात काही नाही.

त्या दुपारी जेवण वेळेवर झालं. मीठही बरोबर होतं. फक्त वाढताना मामा मला म्हणाले, "आमटी घ्या, साहेब." आतापर्यंत मी बाबू होतो.

आक्काला मी कळवलं की कुत्रं सुखरूप दौंडला आलं, मामांपाशी मजेत आहे. तिनं उलट कार्ड लिहिलं, बरं झालं बाई, माझ्या जिवाला घोर लागला होता. ती गेली तोवर तिची समजूत तशीच होती.

बढती मिळाली. दीड-दोन वर्षांनी बदलीही झाली, सोलापूरला. निघायच्या दिवशी मामांचा निरोप घ्यायला गेलो. त्यांनी चहा केला आणि स्टूल पुसून दिलं. मधल्या काळात ते माझ्याशी कधी वाईट वागले नव्हते. तेच मला सहन होत नव्हतं. मी एकदम म्हणालो, "मामा, ते कापड धुतलेलं होतं."

"ठावं हाय की," मामा म्हणाले. "नाकाला सोडा लागला हुता."

"मग तेव्हाच का नाही बोललात? परत पाठवायचं होतं मला."

ते चुलीतली लाकडं सारखी करू लागले.

"कशापायी धुतलं, ते बी ठावं हुतं साहेब. बोललो असतो तर तुमाला तोंड दाखवायला जागा ऱ्हायली नसती. आन् मलाबी. तुमी रोज माझ्या हातचं खात हुता. म्हटलं, ऱ्हाऊ दे तेवढं. वाटलं, भुकंला तरी खाईल ते." मग म्हणाले, "माझंबी चुकलंच. माणसाची लाज राखाय गेलो आन् कुत्र्याला इसरलो."

त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल, मुकादमानं मालक विचारला त्या वेळेबद्दल, ते बोलले नाहीत. मीही बोललो नाही. चहा संपला. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी घाईनं पाय मागं घेतले, "असू द्या, असू द्या, गाडी चुकंल." ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. पुढं आयुष्यात मला पुष्कळांनी चांगला माणूस म्हटलं. त्या प्रत्येक वेळी मला वाटलं, हे दौंडला जाऊन एकदा विचारून या.

माझी गाडी यार्डातून हळू निघाली. रनिंग रूमची मागची बाजू खिडकीतून दिसत होती. मामा रिकामं पातेलं घेऊन बाहेर आले होते. कुठून तरी एक काळं पिलू लुटुलुटु धावत त्यांच्या पायांकडं निघालं. मामांनी पातेलं खाली ठेवलं, दगड उचलला आणि "हाड! हाड!" ओरडत फेकला. दगड पिलाच्या पुढं चांगला हातभर पडला. पिलाला तो खेळ वाटला. त्यानं दगड हुंगला आणि शेपूट हलवत ते आणखी पुढं आलं. मामा दुसरा दगड शोधायला खाली वाकले, आणि मग मध्ये सिग्नलची केबिन आली.